भिंतीला पालवी फुटली. पण मुळाशी पाणी कोण घालणार?

आपल्या शहरांना अलीकडे हिरवळीची मोठी हौस आली आहे. मुंबई असो की पुणे, बंगळूर असो की दिल्ली, जिकडे पाहावे तिकडे उड्डाणपुलांच्या खांबांना कुंड्यांचे अंगरखे चढवलेले दिसतात. कचेऱ्यांच्या दर्शनी भिंतींवर झाडांचे गालिचे टांगले जातात. नवीन घरांच्या जाहिरातींतील चित्रांत तर इमारतीच्या अंगाखांद्यावरून वेली नुसत्या ओघळत असतात. उद्‌घाटनाच्या दिवशी ही हिरवी भिंत पाचूसारखी चमकते. फीत कापली जाते, छायाचित्रे निघतात, भाषणे होतात. आणि पुढच्या वैशाखात त्याच खांबाजवळून बसने जाणाऱ्या नागरिकाच्या दृष्टीस पुष्कळदा काय पडते? काळ्या प्लॅस्टिकच्या रिकाम्या वाट्या, त्यांत वाळून काड्या झालेली रोपे आणि मधूनच लोंबणारी, तोंड कोरडे पडलेली पाण्याची नळी! ज्या खांबाला काल हिरवा शालू नेसवला होता, त्याच्या अंगावर आज चिंध्या लोंबत असतात.

हा विषय आम्ही आज पहिल्या पानावर का घेतला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. राजकारणाच्या एवढ्या धुमाळीत संपादकांना कुंड्या आणि वेली कशा सुचल्या, असेही कोणी म्हणेल. त्यांना आमचे उत्तर एवढेच आहे, की ज्या शहरात पश्चिमेकडच्या खोलीतल्या भिंतीला उन्हाळ्यात दिवेलागणीनंतरही हात लाववत नाही, जिथे लहान मूल आणि आजारी माणूस रात्रभर तळमळत कूस बदलतात, त्या शहरात भिंत हा काही चैनीचा विषय नव्हे. तो आरोग्याचा विषय आहे. तो पाण्याचा विषय आहे. आणि सार्वजनिक पैसा कशावर खर्च व्हावा, ह्याचाही तो विषय आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. हिरव्या भिंतीची आम्ही थट्टा करीत नाही. ती कल्पना खुळी नाही, आणि कालपरवाची तर नाहीच नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे उद्यानरचनेचे प्राध्यापक स्टॅन्ली हार्ट व्हाइट ह्यांनी १९३८ साली अशा भिंतीचे पेटंट मिळवले होते. वनस्पतींच्या विटा रचून भिंत उभारावी, अशी त्यांची कल्पना होती. तिला खरे यश मिळाले ते पुढे अर्ध्या शतकाने, पात्रिक ब्लाँ ह्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हातून. मलेशिया आणि थायलंडच्या अरण्यांत हिंडताना ब्लाँ ह्यांनी पाहिले, की उभ्या कातळावर, धबधब्याच्या कडेला, जिथे मूठभरही माती नाही अशा ठिकाणी, शेकडो जातींच्या वनस्पती सुखाने नांदत आहेत. मग वनस्पतीला माती कशासाठी लागते? उभे राहायला आधार म्हणून, आणि पाणी व क्षार साठवणारे कोठार म्हणून. आधार दुसऱ्या कशाचा दिला आणि पाणी व क्षार वेळच्या वेळी हाताशी आणून दिले, तर मातीवाचूनही तिचे अडत नाही.

ह्यात मराठी माणसाला नवल वाटण्याचे काही कारण नाही. आषाढ-श्रावणात सह्याद्रीचे कडे पाहावेत! उघडाबोडका काळा पाषाण. पण मृगाच्या सरी कोसळल्या, की त्यावर आधी शेवाळ धरते, मग नेचे येतात, बिगोनिया येतो, तेरड्याचा गुलाबी बहर येतो. गडाच्या तटाच्या सांदीसपाटीतून हिरवे तुरे डोकावू लागतात. ह्या रानाला कोणी माळी नाही. पण हे वैभव चार महिन्यांचे आहे, हे विसरून चालणार नाही. दसरा उलटला की कडा पिवळा पडतो आणि शिमग्यापर्यंत पुन्हा काळाठिक्कर होतो. वनस्पती मरत नाहीत. कोणी कंदात दडून बसते, कोणी बियांत निजते, आणि पुढच्या पावसाची वाट पाहते. सह्याद्रीला आपले पाणी किती आहे ते ठाऊक आहे आणि तो तेवढाच संसार मांडतो. आम्हां शहरवासीयांना मात्र बाराही महिने श्रावण हवा असतो, आणि तोही सिमेंटच्या भिंतीवर. निसर्ग जे आठ महिने देत नाही, ते यंत्राने द्यावयाचे, असा हा सौदा आहे.

हे यंत्र चालते कसे? ब्लाँ ह्यांच्या पद्धतीत मूळ भिंतीपासून थोडे अंतर सोडून धातूची चौकट उभी करतात. त्यावर सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा तक्ता बसवतात, म्हणजे ओल मागच्या भिंतीत शिरत नाही. तक्त्यावर नमद्यासारख्या न कुजणाऱ्या कापडाचे दोन थर ठोकतात आणि त्या कापडाला खिसे पाडून त्यांत रोपे बसवतात. माथ्यावरून नळी जाते. घड्याळाच्या इशाऱ्यावर पंप सुरू होतो, क्षार मिसळलेले पाणी ठिबकते आणि कापड ते टिपून घेत खाली खाली उतरवते. मुळे त्या कापडातच पसरतात. झाडांसकट ह्या सगळ्याचे ओझे चौरस मीटरला तीस किलोंहूनही कमी भरते. पॅरिसमधील के ब्रान्ली वस्तुसंग्रहालय २००६ साली लोकांस खुले झाले, त्याच्या भिंतीवर आठशे चौरस मीटर क्षेत्रात दीडशे जातींची पंधरा हजार रोपे ह्याच रीतीने लावण्यात आली होती. आपल्याकडील खांबांवर दिसतात त्या कुंड्यांच्या चौकटी हा त्याचाच सोपा अवतार. कापडाऐवजी वाट्या, वाट्यांत काथ्याचा भुसा आणि प्रत्येक ओळीला ठिबकाची नळी.

आता अशा भिंतीने गारवा येतो, तो कोणत्या न्यायाने? त्यात जादू नाही, साधे पदार्थविज्ञान आहे. पहिला न्याय सावलीचा. ऊन भिंतीवर पडण्याऐवजी पानांवर पडते, आणि पाने व भिंत ह्यांमध्ये हवेचा एक थर राहतो. दुसरा न्याय घामाचा. मुळांनी शोषलेल्या पाण्यातील शंभरांतले पंच्याण्णवांहून अधिक भाग पान वाफेच्या रूपाने हवेत सोडून देते, आणि वाफ होताना पाणी भोवतीची उष्णता खेचून घेते. एक लिटर पाण्याची वाफ व्हावयाची तर विजेच्या हिशेबात सुमारे दोन-तृतीयांश युनिट उष्णता खर्ची पडते. आपले वातानुकूलन यंत्र खोलीतली उष्णता उचलून रस्त्यावर, म्हणजे शेजाऱ्याच्या अंगावर टाकते. पान ती पाण्याच्या वाफेत मुरवून टाकते. सिंगापूरच्या हॉर्टपार्क उद्यानात निरनिराळ्या बनावटीच्या हिरव्या भिंती उभारून संशोधकांनी मोजमाप केले. उघड्या भिंतीच्या मानाने हिरवळीमागच्या भिंतीच्या पृष्ठभागाचे तापमान अधिकात अधिक सुमारे साडेअकरा अंशांनी उतरलेले त्यांना आढळले. त्यांचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. हे काही थोडेथोडके नाही. त्याच सिंगापूरच्या सरकारने २००९ पासून छपरे आणि भिंती हिरव्या करणाऱ्या इमारतींना उभारणीच्या खर्चाच्या निम्म्यापर्यंत साहाय्य देण्याची योजना चालवली.

पण जेथे गुण सांगितले तेथे मर्यादाही सांगितली पाहिजे. साडेअकरा अंश उतरले ते भिंतीचे तापमान. रस्त्यावरच्या हवेचे नव्हे आणि खोलीतल्या हवेचेही नव्हे. मुंबईसारख्या दमट शहरात हवाच पाण्याने जड झालेली असते. तिथे पानाला घाम गाळणे कठीण, आणि मुख्य काम सावलीलाच करावे लागते. पुण्याच्या कोरड्या चैत्रात वाफ झपाट्याने होते आणि गारवाही उत्तम येतो. पण नेमक्या त्याच दिवसांत धरणाचा तळ दिसू लागतो आणि नळाला पाणी एकवेळ येऊ लागते! म्हणजे ज्या ऋतूत भिंतीचा गारवा सर्वाधिक हवा, त्याच ऋतूत तिला पाजायला पाणी सर्वांत कमी. ही अडचण अशी आहे, की ती जाहिरातीच्या कोणत्याही चित्रात दिसत नाही.

हवा शुद्ध होण्याविषयीही असाच पुष्कळ गैरसमज आहे. अरुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती हिरव्या केल्या, तर तेथील धुळीचे सूक्ष्म कण आणि विषारी वायू बरेच कमी होऊ शकतील, असा हिशेब ब्रिटिश संशोधकांनी २०१२ साली मांडला, तो खरा. पण तो संगणकावरील प्रतिकृतीचा हिशेब होता, आणि दोन कुंड्यांच्या नव्हे, तर भिंतीच्या भिंती मढवण्याचा होता. घरातल्या चार रोपांनी खोलीतली हवा स्वच्छ होते, ही समजूत तर आता सोडूनच द्यावी. २०१९ साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी आधीचे सारे प्रयोग तपासून दाखवून दिले, की उघड्या खिडकीसारख्या साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला जमिनीच्या दर चौरस मीटरमागे किमान दहा आणि कदाचित हजार रोपे लागतील. तेव्हा घरात झाड जरूर ठेवावे. पण खिडकीही उघडावी!

आता पाण्याचा जमाखर्च मांडू. आपल्याकडील उन्हाळ्यात हिरव्या भिंतीला चौरस मीटरमागे दिवसाकाठी पाच लिटर पाणी लागते असे धरले, तर शंभर चौरस मीटरच्या एका भिंतीला रोज पाचशे लिटर हवे. शहरातील माणसाला दररोज १३५ लिटर पाणी मिळावे, असा आपल्या देशातील सरकारी मानदंड आहे. म्हणजे एक भिंत चार माणसांच्या कुटुंबाचे पाणी पिते. ज्या वस्तीत बायाबापड्या पहाटे हंडे घेऊन टँकरची वाट पाहत उभ्या राहतात, त्या वस्तीच्या समोरच्या खांबावरील शोभेच्या रोपांना जर पिण्याचे पाणी घातले जात असेल, तर त्या हिरवळीला आम्ही शोभा म्हणणार नाही. तिला आम्ही दुसरा शब्द वापरू.

मग उपाय नाही का? आहे, आणि तो शोधायला पॅरिसला जावे लागत नाही. पुण्यातील महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या कार्यालयाच्या इमारतीवर काही वर्षांपूर्वी एक प्रयोग झाला. भारत आणि युरोप येथील संशोधकांनी संयुक्तपणे केलेल्या ह्या प्रयोगात भिंतीवर कुंड्यांच्या ओळी लावून, त्यांतून इमारतीतील हात धुण्याचे वगैरे सांडपाणी वरून खाली झिरपवण्यात आले. आरंभी कुंड्यांत भाजक्या मातीच्या हलक्या गोळ्याच तेवढ्या होत्या. त्यांतून पाणी भरभर निसटून जाई आणि नीट स्वच्छ होत नसे. पुढे त्यांत वाळू व काथ्या मिसळला. पाणी रेंगाळू लागले, मुळांभोवतीच्या जिवाणूंना आपले काम करायला अवसर मिळाला, आणि पाणी अधिक स्वच्छ होऊन खाली येऊ लागले. ह्या प्रयोगाचा वृत्तान्त २०१६ साली प्रसिद्ध झाला. ह्यातले मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. येथे भिंत पाणी मागत नाही. ती पाणी धुऊन परत देते, आणि ते बागेला किंवा शौचकूपाला वापरता येते. शोभेची वस्तू कामाला लागते ती अशी! आमच्या मते हिरव्या भिंतीचे भवितव्य के ब्रान्लीच्या वैभवात जितके आहे, त्याहून अधिक पुण्याच्या ह्या साध्यासुध्या कुंड्यांत आहे.

दुसरा उपाय तर ह्याहून जुना आणि स्वस्त आहे. तो म्हणजे वेल. मातीत रुजवलेली, स्वतःच्या मुळांनी पाणी शोधणारी, तारेच्या जाळीवर चढणारी वेल. मधुमालती घ्या, बोगनवेल घ्या, कृष्णकमळ घ्या. तिला पंप नको, घड्याळ नको, वीज गेल्याने ती तासाभरात कोमेजत नाही. दोन-तीन वर्षे धीर धरला, तर मधुमालती तीन-चार मजल्यांची भिंत झाकून टाकते. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या आजोळच्या घराला असा वेलीचा मांडव असेल, आणि त्याखालची दुपार कशी असे हे त्यांना आम्ही सांगायला नको. आपल्या अक्षांशावर उन्हाळ्यातला सूर्य माध्यान्ही डोक्यावर असतो. तेव्हा छप्पर तापते. भिंती तापतात त्या सकाळी पूर्वेच्या आणि दुपारनंतर पश्चिमेच्या. त्यांतली पश्चिमेची भिंत दिवसभराच्या तापलेल्या हवेत आणखी ऊन खाते आणि रात्री ते ओकत बसते. म्हणून वेल लावावयाची तर ती पश्चिमेच्या भिंतीवर लावावी. रस्त्यावरून कोणती बाजू दिसते, हे पाहून नव्हे!

वेलीचे नाव काढले की गृहनिर्माण संस्थांच्या सभांतून लगेच आक्षेप येतात, हे आम्हांस ठाऊक आहे. भिंतीत ओल मुरेल, मुळे गिलावा फोडतील, डास होतील. हे आक्षेप सर्वस्वी निराधार नाहीत. पाखराने टाकलेल्या एका बीतून उगवलेला पिंपळ तीनमजली इमारतीचा सांधा कसा उकलतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. परंतु मधुमालती म्हणजे पिंपळ नव्हे. भिंतीपासून वीतभर अंतरावर जाळी उभी केली, गिलाव्याच्या भेगा आधी बुजवल्या, वर्षातून दोनदा छाटणी केली, आणि कोठेही पाणी तुंबू दिले नाही, म्हणजे ह्या भीतीपैकी बहुतेक भीती उरत नाही. डास पानांत होत नाहीत, साचलेल्या पाण्यात होतात. आणि ते साचते कुंड्यांच्या खालच्या तसराळ्यांत. तेव्हा दोष वनस्पतीचा नाही, आपल्या हयगयीचा आहे.

आणि ह्या हयगयीपाशीच सारा प्रश्न येऊन थांबतो. लंडनच्या इझलिंग्टन भागात पॅरडाइज पार्क येथील बालकेंद्राच्या इमारतीवर हिरवी भिंत मोठ्या हौसेने उभारली गेली होती. २००९ साली ती सबंध वाळून गेली. मेक्सिको शहरात २०१६ पासून उन्नत मार्गाच्या हजाराहून अधिक खांबांना हिरवळ चढवण्याचा घाट घालण्यात आला, तेव्हा ह्याच पैशांत जमिनीवर कितीतरी अधिक झाडे लावता आली नसती काय, असा रोकडा सवाल तेथील नागरिकांनी केला. हिरवी भिंत हे जिवंत यंत्र आहे. पंप एक आठवडा बंद पडला, ठिबकाचे तोंड क्षारांनी बुजले, माळ्याचा पगार थकला, की ते मरते. आणि आपल्या सार्वजनिक संस्थांची रीत अशी, की उभारणीला पैसा असतो, राखणीला नसतो. उद्‌घाटनाच्या शिळेवर दहा नावे असतात. पाणी घालणाऱ्या माळ्याचे नाव हजेरीपटावरही सापडत नाही.

ह्याहून मोठा धोका निराळाच आहे, आणि त्यासाठीच हा अग्रलेख आम्ही लिहीत आहो. भिंतीवरची हिरवळ ही जमिनीवरच्या झाडाची भरपाई म्हणून पुढे केली जाऊ लागेल, ही भीती आम्हांला वाटते. २०१९ सालच्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेमधील दोन हजारांहून अधिक झाडे अवघ्या एक-दोन दिवसांत आडवी झाली, हे मुंबईकर विसरलेले नाहीत. महाराष्ट्रात नागरी भागांतील वृक्षांच्या संरक्षणासाठी १९७५ चा कायदा आहे. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांच्या वरच्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जाही मिळाला. कायद्याने ज्याला वारसा म्हटले, त्या वडाच्या बदल्यात कोणी खांबावरच्या पाचशे वाट्यांचा हिशेब दाखवू लागला, तर त्या हिशेबाला काय म्हणावे? वडाची मुळे पावसाचे पाणी जमिनीत मुरवतात. त्याच्या सावलीत चांभार बसतो, रिक्षावाला विसावतो, शाळेतली मुले बसची वाट पाहतात. त्याला पंप लागत नाही, कंत्राटदार लागत नाही, आणि पाखरांना तो भाडे मागत नाही. वाट्यांच्या खांबाखाली कोणी विसावल्याचे आम्ही तरी अजून पाहिलेले नाही.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात आणि रोखठोक आहे. तोडलेल्या झाडाच्या हिशेबात भिंतीवरचे एकही रोप धरता कामा नये. सार्वजनिक पैशाने उभारलेल्या कोणत्याही हिरव्या भिंतीला पिण्याच्या पाण्याचा एक थेंबही देऊ नये. ज्या इमारतीला आपले सांडपाणी झिरपवून वापरता येत नाही, तिने कुंड्यांच्या भानगडीत न पडता वेल लावावी. निविदा काढताना उभारणीच्या खर्चाबरोबर निदान पाच वर्षांच्या राखणीचा खर्च आणि माळ्याचा पगार आधी बाजूला काढून ठेवावा, आणि किती रोपे जिवंत आहेत हे मोजून मगच कंत्राटदाराचे पैसे चुकते करावेत. आणि ही हिरवळ आधी कोठे न्यावी? पुलाच्या खांबांवर नव्हे. खांबाला उकाडा होत नाही! ती आधी न्यावी सार्वजनिक रुग्णालयांच्या पश्चिमेच्या भिंतींवर, पालिकेच्या शाळांवर, कामगारांच्या चाळींवर. जिथे भिंतीपलीकडे माणूस आहे आणि त्याला वातानुकूलन यंत्र परवडत नाही.

आणि आमच्या सुशिक्षित वाचकांनाही एक विनंती. सगळा दोष पालिकेच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये. संस्थेच्या वार्षिक सभेत वाहनतळाच्या फरश्यांवर दोन तास वाद घालणारे आपण, पश्चिमेच्या भिंतीशी चार हात जमीन उघडी ठेवावी, तिथली फरशी उखडावी आणि एक वेल लावावी, असा ठराव कधी मांडतो काय? एका वेलीला फार काही लागत नाही. थोडी माती, थोडे सांडपाणी, एक जाळी, आणि रोज तिच्याकडे पाहणारा एक माणूस. त्यांपैकी पहिल्या तीन वस्तू बाजारात मिळतात. चौथी मिळत नाही. ती आपणच व्हावे लागते.

भिंतीला पालवी फोडणे ही विज्ञानाची करामत आहे, आणि ती करामत आम्हांला मान्य आहे. पण ती पालवी वैशाखात हिरवी राहील की नाही, हे विज्ञान ठरवीत नाही. ते ठरवतो पाणी घालणारा हात. तो हात कोणाचा, हे आधी ठरवा. फीत कापण्याची कात्री मग आणा.